माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महापालिकेच्या शहरात तीन छोटे पक्ष आहेत. वेगवेगळं लढलं तर तिघांचं मिळून खातं उघडत नाही, म्हणून पुढची निवडणूक एकत्र लढवायचं चाललं आहे. पण मागच्या वेळी मित्रपक्षानं शब्द देऊनही दोन जागांवरचे अर्ज मागे घेतले नाहीत, आणि जिथे घेतले तिथे त्यांची मतं आली नाहीत. आता त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? सगळं लेखी करून घ्यावं का?

मी बावीस वर्षं अशा बैठकांना बसतो आहे. सुरुवातीला खुर्च्या लावायला आणि टिपणं घ्यायला, नंतर पक्षाचा समन्वयक म्हणून. मला जे कळलं ते सांगतो.

लेखी कराराचं आधी सांगतो, कारण ते छोटं आहे. करार करा, पण त्याच्या जिवावर झोपू नका. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर तुमच्या कराराला काही किंमत नाही. त्याला दोनच कागद कळतात, एबी फॉर्म (पक्षाने दिलेलं अधिकृत उमेदवारीचं पत्र) आणि माघारीचा अर्ज. कराराचा खरा उपयोग म्हणजे नंतर कुणाला ‘माझ्या लक्षात तसं नव्हतं’ म्हणता येत नाही. तेवढ्यासाठी तो नेमका हवा. एका करारात ‘प्रभाग ९ मधील एक जागा’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी भांडण. चार सदस्यांच्या प्रभागातली कोणती एक जागा? अ, ब, क की ड? सर्वसाधारण जागेसाठी तिघं रांगेत होते आणि ओबीसी महिलेच्या जागेसाठी कुणाकडेच नाव नव्हतं. म्हणून प्रभाग, जागेचं अक्षर, आरक्षण आणि उमेदवाराचं नाव, हे चारही लिहा. नाव अजून ठरलं नसेल तर ती जागा अजून वाटलेली नाही असं समजा.

आता मुद्द्याचं. मागच्या वेळी त्या दोन जागांवर अर्ज का राहिले, हे तुम्ही कधी शोधलंत का? ‘दगा दिला’ हा निष्कर्ष झाला, कारण नाही. माझ्या बघण्यात अशा दहा प्रकरणांतल्या सात-आठमध्ये नेत्याला माघार हवी होती, पण ती त्याला घडवून आणता आली नाही.

२०१२ च्या महापालिका निवडणुकीतली गोष्ट. मित्रपक्षाच्या शहराध्यक्षाबरोबर मी सकाळपासून निवडणूक कार्यालयाबाहेर उभा होतो. त्यांचा एक उमेदवार माघार घेणार होता. अकरा वाजता तो ‘निघालोय’ म्हणाला. बारानंतर फोन बंद. अध्यक्षांनी त्याच्या घरी माणूस पाठवला, तर बायको म्हणाली, गावी गेलेत. तीन वाजता दार बंद झालं आणि तीन वाजून दहा मिनिटांनी हा गडी समोरच्या टपरीवर चहा पिताना दिसला. अध्यक्ष माझ्याशी एक शब्दही न बोलता स्कूटर काढून गेले. आम्ही पुढची पाच वर्षं त्या अध्यक्षाला गद्दार म्हणत राहिलो. ते चुकलंच. तो गद्दार नव्हता, दुबळा होता. त्या उमेदवाराला थांबवण्यासाठी त्याच्या हातात काहीच नव्हतं. पद नव्हतं, पैसा नव्हता, पुढच्या तिकिटाची खात्री नव्हती, आणि पक्षातून काढीन म्हणावं तर ज्या पक्षात राहून काही मिळत नाही त्यातून काढल्याचं दुःख कुणाला?

नियमही असा आहे की माघार उमेदवाराच्या सहीनेच होते. पक्ष परस्पर कुणाचा अर्ज मागे घेऊ शकत नाही. म्हणून मित्रपक्षाशी बोलताना ‘हे शब्द पाळतील का’ यापेक्षा ‘यांना शब्द पाळणं जमेल का’ हा प्रश्न आधी विचारा. प्रामाणिक पण दुबळा मित्र आणि लबाड मित्र, दोघांमुळे जागा सारखीच जाते. उपाय मात्र वेगळे आहेत. लबाडाला दूर ठेवायचं असतं. दुबळ्याला मदत करता येते: त्याच्या नाराज माणसाची सोय तुमच्या कोट्यातून करता येते, त्या माणसाच्या घरी तुमच्या नेत्याला जाऊन बसता येतं. एका मोठ्या मनाच्या नेत्याला मी दुसऱ्या पक्षाच्या बंडखोराच्या ओट्यावर रात्री दीड वाजेपर्यंत बसलेलं पाहिलं आहे. त्याने काही देऊ केलं नाही, नुसता बसला. सकाळी अर्ज मागे आला.

(एक सावधगिरी. ‘तुला स्वीकृत सदस्य करतो’, म्हणजे निवडून न येता नेमलेला नगरसेवक करतो, हे आश्वासन आपल्याकडे इतक्या जणांना दिलं जातं की ते सगळे सभागृहात आले तर निवडून आलेल्यांना बसायला जागा उरणार नाही. हे पद कुणाला कबूल केलंय ते तिन्ही पक्षांना माहीत असू द्या. गुप्त आश्वासनं निकालानंतर एकाच दिवशी बाहेर पडतात.)

माघारीवर विसंबू नका असं मी म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. खरी कसोटी त्याच्या आधी, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी लागते. पक्षाचा उमेदवार कोण हे एबी फॉर्म ठरवतो. ज्या जागा मित्राला सोडल्या तिथे एबी फॉर्म दिलाच नाही, तर तुमचा नाराज माणूस फार तर अपक्ष राहील. पक्षाचं नाव आणि चिन्ह त्याच्यामागे नसेल. पण आपल्याकडे पद्धत काय? ‘असू दे सावध म्हणून’ सगळीकडे एबी फॉर्म वाटायचे आणि नंतर माघारीचा शब्द द्यायचा. ज्या क्षणी सोडलेल्या जागेवर एबी फॉर्म गेला, त्या क्षणी युती मोडायला सुरुवात झाली, मग नेते एकमेकांना कितीही हार घालोत.

यावर मित्रपक्ष एक रास्त कारण पुढे करतो. छाननीत तुमचा अर्ज बाद झाला तर? जागा रिकामी जायची! ही भीती खोटी नाही. राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र किंवा निदान त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच लागते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेला माणूस अपात्र ठरतो. पालिकेची थकबाकी असते, ठेकेदारीतला हितसंबंध निघतो. छोट्या पक्षांचे उमेदवार याच दगडांवर जास्त ठेचकाळतात, कारण कागद बघायला वकील नसतो. उपाय मात्र मित्राने आपला माणूस उभा करणं हा नाही. ज्या पक्षाची जागा त्याच पक्षाने पर्यायी उमेदवार द्यावा, त्याचेही कागद पूर्ण असावेत. आणि ते कागद अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी तिन्ही पक्षांनी एकमेकांसमोर ठेवावेत. इथे लोक लाजतात. ‘आमच्या उमेदवाराचे कागद तुम्ही तपासणार?’ हो, तपासणार. तुमचे आम्ही, आमचे तुम्ही. माझ्या अनुभवात या एका दुपारने जेवढा भरवसा तयार होतो तेवढा दहा संयुक्त मेळाव्यांनी होत नाही. त्यात एकमेकांच्या अडचणी उघड्या पडतात. कुणाची थकबाकी निघते, कुणाच्या दाखल्यावर आडनाव चुकलेलं निघतं, आणि मग सगळे मिळून धावपळ करतात.

वेळ किती कमी असतो ते आकड्यांत बघा. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत अर्जाची शेवटची तारीख ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार २ जानेवारीपर्यंत आणि मतदान १५ ला. म्हणजे शेवटचा अर्ज आणि शेवटची माघार यांत तीन दिवस, त्यातला एक छाननीचा आणि एक नवीन वर्षाचा. या तीन दिवसांत विश्वास तयार होत नसतो. आधीचा असेल तेवढाच खर्च होतो.

म्हणून देवाणघेवाण आधीच आणि टप्प्याटप्प्याने करा. सगळ्या जागांचा निकाल एका रात्री लावायच्या फंदात पडू नका. सोप्या जागा आधी, दोन-अडीच महिने आधी जाहीर करा: तुम्ही एक सोडलीत, त्यांनी एक सोडली, दोघांनी आपापल्या कार्यकर्त्यांना जाहीर सभेत सांगितलं. मग पुढची जोडी. नेत्याला स्वतःच्या लोकांसमोर उभं राहून ‘ही जागा आपण लढणार नाही’ म्हणता येतं का, हे तुम्हाला तेव्हाच कळेल. जो बंद खोलीत हो म्हणतो आणि मेळाव्यात ‘सर्व जागांवर आमची तयारी आहे’ असं बोलतो, त्याच्याकडून माघारीच्या दिवशी काय येणार ते ओळखून असा. तशा नेत्याशी युती करूच नये असं मी म्हणत नाही. त्याच्याशी थोड्या जागांची करा.

आणि ‘मैत्रीपूर्ण लढत’ या शब्दापासून लांब राहा. प्रचाराच्या चौथ्या दिवशी त्यातली मैत्री संपते, आणि शेजारच्या प्रभागातले दोन्ही पक्षांचे कार्यकर्तेही एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. वाद मिटत नसेल तर ती जागा दोघांनीही सोडून तिसऱ्याला किंवा चांगल्या अपक्षाला पुरस्कृत करणं परवडतं.

आता मतांचं. ‘त्यांची मतं आली नाहीत’ ही तक्रार मी प्रत्येक निवडणुकीनंतर, प्रत्येक पक्षाकडून, प्रत्येक मित्राबद्दल ऐकली आहे. बहुतेक वेळा ती तक्रार करणाऱ्याने मतदान केंद्रनिहाय आकडे बघितलेलेच नसतात. मुंबईत एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो, तिथे हे तपासणं अवघड. पण बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत आणि त्यांनी आपल्या हातात एक अजब साधन दिलं आहे. त्याच केंद्रावर, त्याच मतदाराने, एकाच वेळी अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबलेली असतात. म्हणजे युतीचे चार उमेदवार तीन पक्षांचे असतील, तर कोणत्या केंद्रावर कुणाचं बटण दाबलं आणि कुणाचं टाळलं, हे निकालाच्या तक्त्यात अंदाजाने का होईना दिसतं.

समजा एका केंद्रावर तुमच्या युतीला अ मध्ये ३१२, ब मध्ये ३०५, क मध्ये २९८ आणि ड मध्ये १७१ मतं पडली. ड तुमच्या पक्षाचा. लगेच दगा म्हणून ओरडू नका. आधी बघा, ती सव्वाशे-दीडशे मतं गेली कुठे? ड मध्ये कुणी तगडा स्थानिक अपक्ष होता का? ‘नोटा’ वाढलं का? की मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवारालाच बाकी तीन जागांपेक्षा तेवढी जास्त मतं पडली? शेवटचं असेल, आणि हे मित्रपक्षाचा जोर असलेल्या पाच-सहा केंद्रांवर सारखं दिसत असेल, पण तुमच्या जोराच्या केंद्रांवर चौघांना बरोबरीने मतं असतील, तर तक्रार खरी आहे. मग तोंडी आरोप करायची गरज नाही, तक्ता पुढे ठेवायचा. उलट तपासणीत कधीकधी आपलीच लाज निघते. एकदा आम्ही असाच तक्ता करून मित्रपक्षाकडे भांडायला निघालो होतो, आणि आदल्या रात्री लक्षात आलं की आमच्या बालेकिल्ल्यातल्या चार केंद्रांवर त्यांच्या उमेदवाराला आमच्यापेक्षा शंभर-शंभर मतं कमी होती. भांडायला गेलो नाही. चहाला गेलो.

मतं न वळण्याची कारणं बहुधा साधी असतात. छोट्या पक्षाच्या मतदाराचं नातं चिन्हाशी कमी आणि एखाद्या माणसाशी, वस्तीशी, जातीशी किंवा जुन्या लढ्याशी जास्त असतं. तो माणूस त्या वस्तीत मित्रपक्षाच्या उमेदवाराला हाताला धरून फिरला नाही, तर पत्रकावर चौघांचे फोटो छापून काही होत नाही. (फोटोंचा क्रम आणि आकार यावर जेवढे तास गेले तेवढे मतदार यादीवर गेले असते तर आम्ही आणखी दोन जागा जिंकलो असतो.) त्यात छोट्या पक्षांचं चिन्हांचं दुखणं वेगळं. मान्यता नसलेल्या पक्षांना मुक्त चिन्हांतून चिन्ह मिळतं. म्हणजे एकाच प्रभागात तुमच्या युतीचा एक उमेदवार शिट्टीवर, दुसरा कपबशीवर, तिसरा नारळावर. झोपडपट्टीतल्या आजींना चार जागा, चार रंगांच्या मतपत्रिका आणि चार चिन्हं लक्षात ठेवायला सांगणं म्हणजे परीक्षाच. समोरच्या मोठ्या पक्षाचं एकच चिन्ह चार वेळा दाबायचं असतं.

मग लोक म्हणतात, सगळे एकाच पक्षाच्या चिन्हावर लढू. मतांसाठी ते उत्तम. पण ज्याच्या एबी फॉर्मवर तुमचा माणूस निवडून आला, कायद्याने तो त्या पक्षाचा सदस्य. उद्या त्या पक्षाचा व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश, त्याला लागू. तुमच्या पक्षाने पाच वर्षं त्याला फक्त वाढदिवसाचा फलक लावायचा. मधला मार्ग म्हणजे शहरापुरती आघाडी करून राज्य निवडणूक आयोगाकडे तिची वेळेत नोंदणी करणं. अनेक गावांतल्या ‘शहर विकास आघाड्या’ अशाच उभ्या राहिल्या. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर सुचून उपयोग नाही, सहा-आठ महिने आधी हाती घ्यावं लागतं. आणि आघाडीचे एबी फॉर्म कुणाच्या सहीने निघणार, हा प्रश्न तिथेही आहेच. सहीचा अधिकार तिन्ही पक्षांना मान्य असलेल्या आणि स्वतः निवडणूक न लढवणाऱ्या माणसाकडे द्या. असा माणूस शहरात सापडत नसेल तर युतीची तयारी अजून झालेली नाही.

जागा मागताना छोटे पक्ष एक चूक हमखास करतात: लढण्याइतक्या नाही, मोजण्याइतक्या मागतात. ‘आम्हाला निदान पंधरा तरी’, कारण बारा म्हटलं तर कार्यकर्त्यांत इज्जत जाते. मग पंधरापैकी सहा ठिकाणी नाव सापडत नाही, शेवटच्या दिवशी कुणाला तरी बाहेरून पकडून उभं केलं जातं आणि मित्रपक्षाचा चार वर्षं राबलेला कार्यकर्ता तोंडात बोट घालून बघत राहतो. पुढे तो बंडखोरी करतो आणि आपण त्याला शिव्या घालतो. माझा आग्रह असा की जागा मागणाऱ्याने त्याच बैठकीत उमेदवाराचं नाव, त्या प्रभागातल्या मतदान केंद्रांची संख्या आणि त्यातल्या किती केंद्रांवर त्याच्याकडे बसायला माणूस आहे, हे सांगावं. मागच्या वेळी किती मतं पडली हा आकडा फारसा कामाचा नाही, कारण दर निवडणुकीला प्रभागरचना बदलते. जुन्या प्रभागाच्या बेरजेपेक्षा विधानसभेच्या केंद्रनिहाय आकड्यांवरून नव्या प्रभागाची मांडणी करा. वेळखाऊ आहे, पण दोन तरुण मुलं तीन-चार रात्रींत करतात.

या विषयावर बोलताना जुने लोक संयुक्त महाराष्ट्र समितीचा दाखला देतात. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, रिपब्लिकन असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्यात एकत्र होते, आणि मुंबई महापालिकेत १९५८ मध्ये कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर तर १९५९ मध्ये रिपब्लिकन पी. टी. बोराळे महापौर झाले. दाखला खरा आहे, पण त्यातून ‘तेव्हाची माणसं थोर होती’ एवढाच धडा घेऊ नये. त्या वेळी महापौरपद एक वर्षाचं होतं, त्यामुळे प्रत्येक घटकाची पाळी डोळ्यासमोर येत होती. आणि सगळ्यांची मागणी एकच होती, तिचं श्रेय एकट्याने खाता येण्यासारखं नव्हतं. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीला धरून ठेवणारं कारण सुटलं. तुमच्या तीन पक्षांना शहरापुरतं असं एखादं कारण आहे का? पाणी, कचरा डेपो, झोपडपट्टी पुनर्वसन, काहीही. ‘दोन्ही मोठ्यांना पाडायचं’ हे कारण मतदानापर्यंत पुरतं, त्यानंतर नाही.

अलीकडचं उदाहरण २०१९ चं. लोकसभेला वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र होते. औरंगाबादची जागा एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आत-बाहेरच्या फरकाने जिंकले. वंचितला मात्र एकही जागा मिळाली नाही, खुद्द प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले. काही महिन्यांत विधानसभेच्या जागावाटपावर बोलणी फिसकटली. नंतर एमआयएमला मालेगाव मध्य आणि धुळे शहर मिळालं, वंचितला शून्य. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण शहरातल्या युतीसाठी यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. एकाचं पान भरलं आणि दुसऱ्याचं रिकामं राहिलं, तर मतं वळली की नाही याचा हिशेब कुणी शांतपणे करत नाही. रिकाम्या पानाचा पक्ष तो मनात धरतो. म्हणून वाटप करताना प्रत्येक घटकाला निदान एक तरी निवडून येण्यासारखी जागा मिळाली पाहिजे, आणि त्या जागेसाठी बाकी दोघांनी आपल्या जागेइतकं राबलं पाहिजे. तिघांत जागांची संख्या कमी-जास्त असली तरी चालतं, हे नसलं तर चालत नाही.

निवडून आल्यानंतरचा भाग लोक बैठकीत बोलतच नाहीत, अपशकुन झाल्यासारखे गप्प बसतात. पण छोट्या पक्षांचे जास्तीत जास्त संसार तिथेच मोडतात. २०१७ मध्ये मुंबईत मनसेचे सात नगरसेवक निवडून आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यातले सहा शिवसेनेत गेले. पद न गमावता फुटायला दोन-तृतीयांश सदस्य लागतात, आणि ते गणित सातांत पाचावर सुटतं. तीन जणांच्या पक्षात दोघांवरच. तुमचे तीन नगरसेवक म्हणजे कुणाच्या तरी लेखी फक्त दोन माणसं. म्हणून तीन छोट्या पक्षांच्या आठ-नऊ जणांनी एक आघाडी म्हणून गट नोंदवला तर फोडणाऱ्याचा हिशेब अवघड होतो. निवडणूकपूर्व आघाडी नसेल तरी निकाल अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत अशी आघाडी विभागीय आयुक्तांकडे नोंदवता येते, आणि मग महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ (म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा) तिच्या सदस्यांना निवडणूकपूर्व आघाडीसारखाच लागू होतो.

समित्यांसाठीही हेच. स्थायी समितीवर सोळा सदस्य पक्षीय बळाच्या प्रमाणात जातात. सभागृह ७८ चं असेल तर साधारण पाच नगरसेवकांमागे एक जागा. तीन-तीन जणांचे दोन पक्ष वेगळे बसले तर दोघंही अपूर्णांकाच्या दयेवर. एकत्र गट केला तर एक जागा पक्की. ती कुणाची हे निकालाआधी ठरवा. स्थायीतले निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे वाटणीला वाव असतो. मात्र जो गटनेता होईल त्याच्या हातात व्हिप असतो, हे विसरू नका. मोठ्या पक्षाच्या गटात सहज म्हणून नाव नोंदवलेले छोट्या पक्षाचे नगरसेवक पुढे स्वतःच्या पक्षाच्या आंदोलनाविरुद्ध हात वर करताना मी पाहिले आहेत. हात वर केला नसता तर पद गेलं असतं.

‘सव्वा-सव्वा वर्ष महापौर’ असल्या वाटण्यांवर तर काही लिहूच नका. महापौरपदाचं आरक्षण सोडतीने निघतं आणि ती सोडत निकालानंतरही निघू शकते. तुम्हाला पहिलं सव्वा वर्ष कबूल केलेलं असतं आणि चिठ्ठी निघते ज्या प्रवर्गाचा तुमच्याकडे सदस्यच नाही त्याची. मग कुणीही लबाडी न करता शब्द मोडतो. तारीख न घातलेले राजीनामे आधीच सही करून घ्यायची आपल्याकडे हौस आहे, तीही सोडा. सही करणारा दुसऱ्या दिवशी ‘दबावाखाली घेतला’ म्हणून पत्र देतो आणि तुमच्या कपाटातला कागद रद्दी होतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ज्यांनी मागच्या वेळी दोन अर्ज ठेवले, त्यांच्याबरोबर पुन्हा जावं का? मी जाईन, पण मागच्याच प्रमाणात नाही. आधी त्या दोन उमेदवारांचं काय झालं ते बघेन. पक्षाने त्यांच्यावर काही कारवाई केली, की आज तेच शहर कार्यकारिणीत उपाध्यक्ष आहेत? बढती मिळाली असेल तर तो प्रकार दुबळेपणाचा नव्हता. कारवाई झाली असेल, निदान पाच वर्षं त्यांना तिकिटाच्या चर्चेत घेतलं नसेल, तर पुढे बोलायला जागा आहे. दरम्यान बाजार समिती, पतसंस्था, एखाद्या प्रभागातली पोटनिवडणूक, असं काही लहान मध्ये येत असेल तर तिथे एकत्र लढून बघा. तिथे हरलात तरी नुकसान थोडं आणि माणसं कळतात.

आणि मागच्या निवडणुकीचे केंद्रनिहाय तक्ते या महिन्यात काढा. तुमच्या दोन आणि त्यांच्या दोन मुलांना एका टेबलावर बसवून काढा, नेते नकोत. चार सदस्यांचे जेवढे प्रभाग एकत्र लढलात तेवढ्यांचे, अ ते ड शेजारी शेजारी. जिथे फरक पन्नासच्या वर आहे त्या केंद्रांवर खूण करा आणि ती यादी घेऊनच जागावाटपाची पहिली बैठक लावा. यादीत तुमची केंद्रं जास्त निघाली, तर त्या बैठकीत आधी तुम्ही बोला.